फ्रिजवरचा पाचवा रकाना

फोंडा महालात परदेशात कोणी नाही असं घर शोधून काढावं लागतं. कोणी दुबईत, कोणी बोटीवर, कोणी पोर्तुगीज पासपोर्ट करून इंग्लंडातल्या स्विंडनला. त्यामुळे परदेशी जाणं ही आमच्याकडे बातमी नव्हेच. बातमी झाली ती मी कशासाठी जाते याची. "लोकांलीं भुरगीं सांबाळूंक जर्मनीक?" लोकांची मुलं सांभाळायला जर्मनीला? असं आतेने विचारलं, आणि मग वाड्यावर तोच प्रश्न फिरत राहिला.

आतेचं चुकीचं नव्हतं. ओ पेअर हा प्रकार समजावून सांगणं कठीणच. परक्या कुटुंबात राहायचं, त्यांच्या मुलांकडे बघायचं, घरकामाला थोडा हात लावायचा. बदल्यात राहणं, जेवण, हातखर्च आणि तिथली भाषा शिकायची संधी. नोकरी नव्हे, पाहुणचारही नव्हे. जर्मनीत मात्र त्याचे नियम स्पष्ट आहेत. वय १८ पूर्ण हवं आणि व्हिसाचा अर्ज करताना २७ झालेलं नसावं. जर्मन निदान ए-१, म्हणजे पहिल्या पातळीची यायला हवी. काम दिवसाला ६ आणि आठवड्याला ३० तासांहून जास्त नाही. आठवड्याला दीड दिवस सुट्टी, चार संध्याकाळी मोकळ्या, वर्षाला चार आठवडे रजा. महिन्याला २८० युरो हातखर्च, शिवाय भाषेच्या वर्गासाठी ७० युरो. झोपायला स्वतंत्र खोली, खिडकी असलेली, किमान ८ चौरस मीटरची. मुक्काम सहा महिने ते एक वर्ष. विमा कुटुंबाने काढायचा, आणि त्यात आजारपण, अपघात यांच्याबरोबर गरोदरपण आणि बाळंतपणही येतं. ही ओळ वाचून आईने कागद खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. तो नियम सगळ्यांसाठी असतो, असं बाबांनीच तिला समजावलं. बाबा शाळामास्तर होते, नियमावली वाचायची त्यांना सवय.

आजोबा १९६१ च्या १९ डिसेंबरच्या आधी, गोव्यावर पोर्तुगीज अंमल असताना, गोव्यातच जन्मलेले. म्हणजे पोर्तुगालात जन्मनोंदणी करून घेतली असती तर मला व्हिसा लागलाच नसता, युरोपीय नागरिक म्हणून थेट गेले असते. बाबांनी ती वाट कधी धरली नाही. भारतीय नागरिकत्व सोडायचं म्हणजे नोकरी, जमीन, सगळंच आलं. मलाही ते नको होतं, मला वर्षभरात परत यायचं होतं.

जर्मन मी ऑनलाइन शिकले आणि परीक्षेला पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात गेले. चोर्ला घाटातून रात्रीची बस, डोकं खिडकीवर आपटत असताना मनात क्रियापदं. ए-१ ची परीक्षा अवघड नसते: ऐकणं, वाचणं, एक छोटं पत्र, थोडं बोलणं, १०० पैकी ६० मिळाले की झालं. कुटुंब शोधणं त्याहून अवघड. त्यासाठीच्या संकेतस्थळावर तुमचा फोटो, तुमच्याबद्दल चार ओळी, आणि तुम्हाला मुलं सांभाळायचा अनुभव काय, हे लिहावं लागतं. मी फोंड्यात शिकवणीच्या वर्गात पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवत होते, ते कामी आलं. आधी पैसे पाठव म्हणणारी 'कुटुंबं'ही भेटली. खरं कुटुंब ओ पेअरकडून आगाऊ पैसे मागत नाही, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

गोव्याचे अर्ज मुंबईच्या जर्मन वकिलातीकडे जातात. फी ७५ युरो, रुपयांत भरायची. मुलाखतीत खिडकीपलीकडच्या बाईंनी जर्मनमधूनच विचारलं: कुटुंबात कोण कोण? मुलांची वयं काय? दिवसभर काय करणार? परत जाऊन काय करणार? शेवटच्या प्रश्नाला मी गोव्यात जर्मन शिकवीन म्हटलं. तेव्हा ते मी व्हिसासाठी म्हटलं होतं, आता खरंच तेच करते.

जुलै २०२३ मध्ये म्युन्स्टरला पोचले. हे सायकलींचं गाव. जुन्या शहराभोवती झाडांची एक गोल वाट आहे, तिच्यावर फक्त सायकली आणि चालणारी माणसं. बुधवारी आणि शनिवारी कॅथेड्रलसमोरच्या चौकात बाजार भरतो. घरात आई, बाबा, सहा वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा. मी त्यांना इथे थोरली आणि धाकटा म्हणेन. त्यांच्या आईला पहिल्या नावाने हाक मारायची असं ठरलं. ते मला बरेच दिवस जमलं नाही. हाक न मारताच मी समोर जाऊन उभी राहायची आणि मग बोलायची.

पहिल्या संध्याकाळी टेबलावर लाकडी फळ्या मांडल्या. त्यांवर काळपट पाव, लोणी, चीज, काकडीचे काप, एका बरणीत व्हिनेगरमधल्या छोट्या काकड्या. मी गरम काहीतरी येईल म्हणून थांबले. काही आलं नाही, तेच जेवण होतं. आमच्याकडे पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंपू वाजवत येतो, उंडे गरम असतानाच घरात यायला हवेत. इथे कालचा पाव आज खाणं ही रीतच. त्याचं मला काही वाटलं नाही. वाटलं ते धाकट्याकडे बघून. तीन वर्षांचं पोर हातात सुरी घेऊन पावाला लोणी फासत होतं. अर्धं लोणी पावाला, अर्धं मनगटाला. मी सवयीने त्याच्या हातातला तुकडा घेतला, नीट लावला आणि घास त्याच्या तोंडाशी नेला. त्याने तोंड मिटून घेतलं आणि आईकडे पाहिलं. ती म्हणाली, त्याला येतं. आवाजात राग नव्हता. तिने सुरी परत त्याच्या हातात दिली, आणि पुढची पाच मिनिटं आम्ही सगळे त्याचा तो उद्योग संपायची वाट बघत बसलो.

भरवणं हे आमच्याकडे प्रेमाचं पहिलं रूप. शाळेत जाणाऱ्या मुलालाही आजी शीत-कडीचे घास भरवते, आणि त्यात कोणाला काही वावगं दिसत नाही. तिथे प्रेमाची जागा दुसरीकडे होती: थांबण्यात. मुलाला बूट घालायला दहा मिनिटं लागणार, तर दहा मिनिटं लवकर निघायचं. मुलाने काही विचारलं तर खाली बसून, डोळ्याला डोळा लावून खरं उत्तर द्यायचं. लाम्बेर्टी चर्चच्या मनोऱ्यावर तीन लोखंडी पिंजरे टांगलेले आहेत. थोरलीने पहिल्याच फेरीत मला बोटाने दाखवून सांगितलं, की खूप वर्षांपूर्वी तीन माणसांना हालहाल करून मारलं आणि त्यांची प्रेतं त्यात ठेवली. मी तिच्या आईकडे पाहिलं. "हो, १५३६ मध्ये," आई म्हणाली आणि आइस्क्रीम कुठलं घ्यायचं ते विचारलं. आमच्याकडे सहा वर्षांच्या मुलीला असं कोणी सांगितलं असतं तर आजीने दृष्ट काढली असती.

सगळंच मला पटलं असं नाही. मुलांची आंघोळ आठवड्यातून दोनदा, हे मला वर्षभरात पटलं नाही. मी स्वतः रोज सकाळी डोक्यावरून पाणी घ्यायची. त्यावरून गरम पाण्याच्या बिलाबद्दल एकदा अगदी सरळ, हसत हसत, बोलणं झालं. शेवटी वेळ कमी, पण रोज, असा तह झाला. जुलैमध्ये रात्री साडेनऊपर्यंत लख्ख उजेड, आणि मुलं मात्र साडेसातला खाली ओढलेल्या झडपांच्या काळोखात झोपलेली. गणेश चवथीच्या दिवसांत आमची पोरं रात्री बाराला भजनं संपल्यावर, करंज्यांचा डबा रिकामा करून, जिथे पडतील तिथे झोपतात.

पावसाचं मात्र त्यांचंच बरोबर, असं मी आता उघड म्हणते. म्युन्स्टरला पाऊस बारमाही, रिपरिप, आपल्या आषाढासारखा अंगावर धावून येणारा नव्हे. पहिल्यांदा पाऊस लागला तेव्हा मी मुलांना घरात घेतलं. आईने खुंटीवरून दोन रबरी विजारी काढल्या, छातीपर्यंत येणाऱ्या, खांद्यावर पट्टे असलेल्या, आणि मुलांना त्यांत उतरवून बाहेर सोडलं. धाकटा बागेतल्या डबक्यात बसला. उभा राहिला, पुन्हा बसला. तासाभराने दारातच विजार सोलून काढली, आतला मुलगा कोरडा. चार महिने धो-धो पाऊस पडणाऱ्या गोव्यात माझं सगळं बालपण "भिजू नको, ताप येईल" ऐकत व्हरांड्यात गेलं.

आता त्या रकान्याबद्दल. फ्रिजवर एक लांबट कॅलेंडर टांगलेलं असे. अशी कॅलेंडरं तिथे दुकानात मिळतात: उभ्या ओळीत तारखा, आणि घरातल्या प्रत्येक माणसाला एक रकाना. आईचा, बाबांचा, थोरलीचा, धाकट्याचा, आणि पाचवा माझा. माझ्या रकान्यात शिसपेन्सिलीने तास लिहिलेले: ७ ते ९, १५ ते १८. मंगळवारी आणि गुरुवारी भाषेचा वर्ग. शुक्रवारी संध्याकाळ मोकळी. पहिल्या दिवशी तो रकाना पाहून मला वाईट वाटलं होतं. घरचं माणूस म्हणून बोलावलं आणि तास मोजतात? सहा वाजले की मुलांची आई म्हणायची, तुझं झालं आता. मी तरी भांडी घासायला उभी राहायची. ती माझ्या हातातून घासणी काढून घ्यायची. मग काय करावं ते न कळून मी वर खोलीत जाऊन आईला फोन लावायची. तिथे साडेनऊ वाजलेले असत आणि ती झोपेला आलेली असे.

हे मला का टोचत होतं, ते पुढे वर्गात उलगडलं. लोकविद्यापीठातल्या, म्हणजे तिथल्या प्रौढांच्या शिक्षणसंस्थेतल्या, आमच्या बॅचमध्ये निम्म्याहून जास्त ओ पेअर मुली होत्या: जॉर्जियाच्या, कोलंबियाच्या, मादागास्करच्या, इंडोनेशियाच्या. मधल्या सुट्टीत कॉफी घेऊन आम्ही एकमेकींचे करार वाचत असू. जॉर्जियाची एक मुलगी म्हणाली, तिच्या आधीच्या घरी कॅलेंडर नव्हतं. "तू आमचीच," असं ते म्हणायचे. शनिवारी पाहुणे आले की ती आमचीच, रात्री मूल रडलं की ती आमचीच, आणि कपाटं पुसायची झाली तरी आमचीच. तिने दोन महिन्यांत घर बदललं.

मी गप्प ऐकत होते, कारण मला आमचं घर आठवत होतं. मी लहान असताना आमच्याकडे सत्तरी तालुक्यातली एक बाय कामाला राहायला होती. तिने मला वाढवलं म्हटलं तरी चालेल. ती आमच्या घरचीच, असं आई आजही म्हणते, आणि ते खोटं नाही. तिच्या लग्नात बाबांनी हात सैल सोडला होता. पण ती सर्वांत आधी उठायची, सर्वांच्या शेवटी जेवायची, स्वयंपाकघरामागच्या खोलीत झोपायची, आणि तिचं काम किती वाजता संपतं हा प्रश्न आमच्या घरात कोणी कधी विचारल्याचं मला आठवत नाही. माझं वय तेव्हा थोरलीएवढं. मी हाक मारली की ती यायची, बस.

नोव्हेंबरात मामला जरा बिघडला. सगळीकडे सर्दी-ताप, धाकट्याच्या बालवाडीतल्या दोन बाई रजेवर, म्हणून बालवाडी दुपारी बाराला सुटू लागली. मुलांची आई घरूनच काम करायची, दार बंद करून. बारा ते तीनचा वेळ आपसूक माझ्याकडे आला. कॅलेंडरवर मात्र जुनेच तास. आठवडा गेला, दुसरा गेला. मला वाटे, त्यांना दिसत नाही का? सांगायचं कसं? घरात अडचण असताना तास मोजणारी मी कोण? वर्गातल्या मैत्रिणींनी अक्षरशः माझ्याकडून वाक्य पाठ करून घेतलं. रविवारी नाश्त्यानंतर मी ते म्हटलं.

मुलांच्या आईने आधी कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं. बोटाने दोन्ही आठवडे मोजले. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू बोलली का नाहीस? मला वाटलं तुला चालतंय." ती चिडली होती, आणि चिडली होती माझ्या गप्प राहण्यावर. मी म्हटलं, आमच्याकडे असं सांगत नाहीत, समोरच्याने ओळखायचं असतं. ती म्हणाली, "मी कसं ओळखणार?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही फारसं नाही. तिने पेन्सिल घेतली, वाढीव तास लिहिले, आणि डिसेंबरातल्या दोन शुक्रवारांवर आणि एका अख्ख्या सोमवारवर काट मारून ते माझे केले. पुढचे काही दिवस ती माझ्याशी नेहमीपेक्षा कमी बोलली. मग बोलू लागली.

त्याच हिशेबाची दुसरी बाजूही सांगायला हवी. जानेवारीत मला कडकडून ताप आला. दारावर टकटक झाली. उघडलं तर बाहेर थर्मास, बिस्किटं आणि तापाच्या गोळ्या ठेवलेल्या. माणूस नाही. दिवसभर कोणी आत आलं नाही, कपाळाला हात लावला नाही. मी उशीत तोंड खुपसून रडले. बरी झाल्यावर मुलांची आई म्हणाली, आजारी माणसाला शांतता हवी असते, म्हणून मुलांना जिन्यावर येऊ दिलं नाही. दोन दिवस तिने सगळी कामं माझ्याशिवाय केली होती, ऑफिसातून रजा घेऊन. माझ्या रकान्यात तिने फक्त 'आजारी' लिहिलं होतं, ते तास मला परत भरून द्यावे लागले नाहीत.

पैशाचं बोलायचं तर गोडगोड बोलण्यात अर्थ नाही. आठवड्याला ३० तास म्हणजे महिन्याला साधारण १३० तास. २८० युरोला भागा, तासाला दोन युरोंच्या थोडं वर पडतात. २०२३ मध्ये जर्मनीतलं किमान वेतन तासाला १२ युरो होतं. ओ पेअर ही नोकरी धरत नाहीत म्हणून ते लागू होत नाही. खोली, जेवण, विमा धरूनही हा सौदा कुटुंबाच्या फायद्याचाच. तेव्हा ४९ युरोंना मिळणारं, देशभर चालणारं महिन्याचं तिकीट आमच्या घराने काढून दिलं म्हणून मी हिंडू शकले, सगळ्यांना मिळत नाही. पैसे साठवायला जायचं असेल तर बोट बरी, आखात बरं. भाषेसाठी जायचं असेल तर मात्र तीन वर्षांच्या मुलासारखा शिक्षक नाही. तो तुमची चूक दुरुस्त करतो, पुन्हा चुकलात तर पुन्हा करतो, आणि लाज वाटू देत नाही.

चवथ त्या वर्षी १९ सप्टेंबरला होती. आईने व्हिडिओवर माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगतात ती रानफळांची चौकट, दाखवली: घागऱ्या, कांगलां, नारळाचा घोस, सुपारीचे घड. मी मोबाइल धरून बघत राहिले. त्याच सुमारास म्युन्स्टरला लाम्बेर्टूसचा सण असतो. लाकडी काठ्यांचा उंच मनोरा उभा करतात, त्याला पाला बांधतात, कंदील टांगतात, आणि मुलं हात धरून त्याच्याभोवती फेर धरून गाणी म्हणतात. थोरलीने मला हात धरून फेरात ओढलं. शब्द मला येत नव्हते. फेर येत होता. फुगडीचे पाय कुठेही गेलं तरी तेच. घरी आल्यावर मी पिशवीत नेलेली सोलां (आमसुलं) भिजवली आणि नारळाच्या डब्यातल्या दुधाची कढी केली. मुलांच्या बाबांनी एक घोट घेऊन सांगितलं, त्यांना आवडली नाही. थोरली दोन वाट्या प्यायली.

परत येऊन आता दोनेक वर्षं होतील. माझ्याबरोबरच्या बऱ्याच मुली तिथेच नर्सिंगच्या प्रशिक्षणाला किंवा सेवावर्षाला, म्हणजे वर्षभराच्या स्वयंसेवी कामाला, लागल्या. ओ पेअरनंतर ती वाट मोठी आहे. मी फोंड्यात जर्मन शिकवते. आईकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींचं काम साडेदहाला संपतं, आणि नंतर "एवढं तेवढं" निघालं की मी मध्ये बोलते. आईला ते आवडत नाही. "त्या घरच्याच आहेत गो," ती म्हणते. मावशी माझ्याकडे बघून हसतात आणि ते एवढं तेवढंही करून जातात. त्यांच्या चवथीच्या सुट्टीचे पैसे मात्र आता कापले जात नाहीत, तेवढं मी आईकडून कबूल करून घेतलं आहे.

माझ्या वर्गातल्या डिचोलीच्या एका मुलीला आता जायचं आहे. तिला मी सांगितलं, व्हिडिओ कॉलवर त्यांच्या घराची खिडकी, बाग, कुत्रा बघत बसू नकोस. आधीच्या ओ पेअरशी बोलू द्या म्हण. आठवड्याचं वेळापत्रक आधी लिहून पाठवा म्हण, कुठल्या संध्याकाळी मोकळ्या ते त्यात असू दे. तास वाढले तर ते कधी आणि कसे परत देणार, हेही विचार, आणि विचारताना माफी मागू नकोस. ते वेळापत्रक टाळत असतील, तर घर कितीही छान दिसलं तरी दुसरं शोध.